ठेकेदारांची अर्धी मिशी

आमचे हे लोकांचे केस कापतात, पण जीव सगळा पुस्तकांत. दुकानातल्या आरशाखाली पावडरच्या डब्याला टेकवून एक पुस्तक कायम उघडं. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासला की तो मुरेपर्यंत ह्यांचं एक पान होतं. घरी पलंगाखाली पुस्तकं, कपाटात पुस्तकं. माझे कपडे बिचारे खुंटीवर.

आणि लेक? पुस्तक दिसलं की हिला झोप येते. "वाच, वाच" म्हणून मी घसा कोरडा केला. हे मात्र तिला चकार शब्द बोलायचे नाहीत. "गोडी लागायची तेव्हा लागेल," एवढंच. शेवटी माझं डोकं सणकलं. म्हटलं, "सुट्टी संपेपर्यंत पोरीनं एक पुस्तक हातात धरलं नाही, तर ही सगळी रद्दीत घालीन!" ह्यांचा चेहराच पडला. मी बोलते ते करते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

सुट्टीचा शेवटचा दिवस. लेकीला घेऊन मी डबा द्यायला दुकानात गेले. खुर्चीत ठेकेदार डोळे मिटून पडलेले. त्यांच्या मिशा म्हणजे गल्लीचं वैभव! ह्यांचा एक डोळा वस्तऱ्यावर, दुसरा पुस्तकावर. "अरे बापरे!" हे एकदम ओरडले आणि सर्रकन अर्धी मिशी साफ.

ठेकेदार कडाडले, "एवढं काय जळलंय त्या पुस्तकात?"

"अहो, गोष्टीतल्या मामाला सगळे स्मशानात पोचवून आले," हे रडवेले होऊन म्हणाले, "आणि घरी बघतात तर मामा चहा पीत बसलेला!"

मी कपाळावर हात मारून घेतला. लेक खो खो हसली, मग एकदम थांबली.

"मेलेला माणूस चहा कसा पिईल? बाबा, पुढे काय?"

"मी तरी कुठे वाचलंय अजून! आधी ह्यांच्या मिशीचं निस्तरू दे."

तिला कुठला धीर! पुस्तक ओढलं आणि बाकावर मांडी ठोकली.

"मोठ्यानं वाच गं पोरी," ठेकेदार म्हणाले. "मिशी कशापायी गेली ते तरी कळू दे."

ती अडखळत वाचू लागली, मग सुसाट सुटली. ह्यांचा वस्तरा हवेतच थांबला होता. डोळे भरून आले होते.

"चल गं, उशीर होतोय," मी म्हणाले.

"आई, गप्प बस ना जरा! मामा बोलतोय."

एरवी असं बोलली असती तर पाठीत धपाटाच घातला असता. आज मी तिच्या शेजारी टेकले आणि म्हटलं, "बरं बाई, वाच."