हालिमाचे गुडघे

मी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचा रफीक. अंगावर जाड कोट आणि पायात घरातल्या सपाता. बर्फात सपाता घालून कोण येतं? तिथंच कळलं मला. "आंटी, अम्मा नहीं रही." मी म्हणलं, "आधी आत ये, पाय भिजलेत." दुसरं काय म्हणणार... दीड महिना झाला, रडू येत नाही, नुसता संताप होतो. मी बोलतेय, सूनबाई लिहून घेतीय.

रफीकची आई हालिमा बांगलादेशची, मी साताऱ्याकडची. दोघी मुलांच्या मागनं कॅनडात, मार्कहॅमला आलेल्या. घरं जोडून, मधे एकच भिंत. मुलं-सुना ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत, आणि दिवसभर आम्ही नि हीटरची घरघर. दुपारी ती भिंतीवर उलथन्यानं ठकठक करायची, की मी निघाले. तिला बंगाली आणि टीव्हीवरनं उचललेली थोडी हिंदी, माझी हिंदीही तसलीच. मी माझ्या सुनेचं मराठीत सांगायची, ती तिच्या सुनेचं बंगालीत. सगळं कळायचं! (हे पण लिही गं, गाळू नकोस.)

एका उन्हाळ्यात तिनं मला वॉशरूममध्ये नेलं, दार लावलं आणि कपडा दाखवला. पाळी कधीच गेलेली बाई, आणि अंगावरनं जात होतं. मी म्हणलं, "अगं, डॉक्टर को बोल!" तर म्हणते, "रफीक साथ में रहता है, दीदी. बेटे के सामने कैसे बोलूँ?" तिचं इंग्रजी म्हणजे रफीक. डॉक्टरनं काय होतंय विचारलं, की ही गुडघ्याला हात लावायची. रफीक तेच सांगायचा, डॉक्टर मलम लिहून द्यायचा. गुडघे कसले दुखतायत! बर्फातसुद्धा माझ्या पुढं चालायची ती. मलमाच्या ट्यूबा मला आणून द्यायची, "तुम्हारे घुटने के लिए," आणि वर हसायची. डोकं फिरायचं माझं.

"सुनेला सांग." तर ती नवऱ्याला सांगेल. "मग मीच बोलते रफीकशी." तर माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, शपथ घातली. पानं गळाली, बर्फ आलं, तरी हिचं नको नकोच. शेवटी सूनबाईला सुट्टी काढायला लावली आणि दोघींनी तिला धरून डॉक्टरकडं नेलं. तिथं म्हणाले, फोनवर बंगाली बोलणारं माणूस देतो. मला वाटलं, सुटलो. तर फोनमधनं बाप्याचा आवाज! "मावशी, बोला, काय त्रास होतोय," असं काहीतरी विचारत होता बिचारा. हालिमानं डोक्यावरनं पदर ओढला, आणि हात गेला गुडघ्यावर. मग मी सूनबाईला म्हणलं, "तू सांग सगळं इंग्रजीत. शपथ रफीकपुरती होती."

तपासण्या झाल्या. पण आजार पार आत पसरला होता...

परवा रफीक आला, हातात पिशवी. कपाटात राहिलेल्या ट्यूबा. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आंटी, हर बार मैं साथ था. मुझे क्यों नहीं बताया?"

"तू साथ था, बेटा," मी म्हणलं. "इसीलिए."

त्याचा चहा गार झाला, पुन्हा गरम करून दिला.

पिशवी ठेवून घेतलीय. दुपारी, ठकठकीच्या वेळेला, भिंतीशी बसून गुडघ्यांना मलम चोळते. गुणही चांगला येतोय मेल्याचा. त्याचाच जास्त राग येतो.