हिंगभावजींचे पाय आणि चिखलातली नाव

आमच्या शेजारच्या हिंगभावजींच्या पायांत बूट मी आयुष्यात दोनदाच पाहिले. एकदा त्यांच्या लग्नात आणि एकदा माझ्या सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत. एरवी पाय कायम चिखलात. आमच्या तुंगसा गावात ते कमळकंद काढायचे. कमरेइतक्या चिखलात उभं राहून पायाच्या बोटांनी कंद चाचपायचा आणि न मोडता सोडवायचा. "वहिनी, डोळ्यांचं काही खरं नाही," ते म्हणायचे. "डोळे फसतात, टाच फसत नाही." टाच कशी फसते ते पुढे सांगतेच.

आमच्याकडे ड्रॅगनची नाव उत्सव संपला की चिखलात पुरून ठेवतात. तिचं काळं लाकूड उन्हात तडकतं, चिखलात मात्र दोनदोनशे वर्षं टिकतं. डोकं तेवढं देवळात. चौथ्या महिन्याच्या आठव्या तिथीला नाव वर काढायची, पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला ढोल बडवत पळवायची. फार पूर्वी एका सच्च्या मंत्र्यावर खोटा आळ आला आणि त्याने नदीत जीव दिला. माशांनी त्याला खाऊ नये म्हणून लोक ढोल वाजवत नावा घेऊन निघाले, पाण्यात भात टाकत फिरले. म्हातारे म्हणतात, ड्रॅगनची पूजा त्याच्याही आधीची. असेल. मला मात्र त्या लोकांचा रागच येतो. जिवंतपणी त्याच्या बाजूने बोलायला एकाचीही जीभ उचलली नाही, आणि मेल्यावर सगळं गाव नावा घेऊन हजर!

कारण आमच्या घरातही तेच चाललं होतं.

सहासष्ट साली जुन्या रूढी मोडायच्या म्हणून उत्सव बंद झाले आणि नावा फोडून लाकूड जमा करा, असा हुकूम आला. आमची नाव गावात सगळ्यात जुनी. माझे सासरे खाय-मामंजी तिच्यावर ढोल वाजवायचे. त्यांनी आणि आणखी दोघांनी ती रातोरात नेहमीच्या जागेवरून हलवली. सरकारी माणसं आली, खणून खणून दमली, रिकाम्या हाती गेली. पुन्हा ढोल वाजेपर्यंत जागा कुणाला सांगायची नाही, अशी तिघांनी शपथ घेतली होती. पुढे दोघं वारले. मामंजींना बहात्तर साली झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

एकोणऐंशीत उत्सवाला परवानगी मिळाली. सगळे आमच्या दारात.

"खायकाका, नाव कुठंय?"

मामंजींच्या तोंडातून नुसता "आ... आ..." निघायचा. लिहिता येत नव्हतं. खुर्चीवर घालून त्यांना गावभर फिरवलं. मधल्या काळात ओढा सरळ केला होता, जुन्या वळणाचं तळं झालं होतं. कुठलीच खूण जागेवर राहिली नव्हती. ते नुसते रडले. लोकांनी चार ठिकाणी खणलं, हाती काही लागलं नाही. मग जिभा सुटल्या. "उपासमारीत विकली असेल." "यांच्या छपराचे वासे बघा, कसे काळे आहेत!" उचलली जीभ लावली टाळ्याला. सामभाऊ, आमच्या सामुदायिक शेतीच्या गटाचा प्रमुख, एक दिवस खरंच शिडी घेऊन आला आणि वासे खरवडून गेला. मामंजी खाली बसून वर बघत होते. त्या दिवसापासून त्यांनी खाणं कमी केलं. आळ घेऊनच हा माणूस जाणार, अशी मला भीती बसली.

चौथा महिना लागला तेव्हा मी ओसरीवर वेळूची पानं धुवत होते, सणाच्या भाताच्या पुड्यांसाठी. हिंगभावजी शेवटचे राहिलेले कंद घेऊन आले. सरकारी दुकानात न चालणारे वाकडे कंद ते नेहमी आमच्याकडे टाकायचे.

"नको भावजी," मी वैतागून म्हटलं. "सात वर्षं झाली, मामंजींना हे वाकडे कंद बघवत नाहीत."

"का? चव तर तीच की."

"सरळ असला तर मुकाट खातात. वाकडा दिसला की डाव्या हातात धरून टेबल बडवतात. धाडधाड! भांडी फुटतात माझी. मी हातातून काढूनच घेते."

भावजींनी एक वाकडा कंद उचलून निरखला. मग हळूच विचारलं, "फक्त वाकडा?"

"फक्त वाकडा."

"वहिनी, वाकडे कंद तळ्याच्या एकाच पट्ट्यात निघतात. देवळाच्या बाजूला, लांबच लांब, अरुंद पट्टा. तिथला कंद खाली जातो आणि कशाला तरी अडून उलटा वळतो. मी दहा वर्षं त्या चिखलाला शिव्या घालतोय." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "नाठाळ चिखल म्हणून मी तिथं कधी खोल पायच घातला नाही. टाचही फसली."

आत जाऊन त्यांनी एक वाकडा कंद मामंजींच्या हातात दिला. मामंजींनी टेबलावर मारला. दोंग. दोंग-दोंग. दोंग. दोंग-दोंग. नावेवरच्या ढोलाचा तो ठेका गावात कोण विसरेल? फक्त मीच तो ओळखला नव्हता.

तळं गटाचं होतं, नवी कमळं नुकतीच धरली होती. भावजींनी कुणाला न विचारता पट्टाभर रोपं उपटली. सामभाऊ काठावरून ओरडत आला.

"हिंग, डोकं फिरलंय का तुझं? कमळं कोण भरून देणार, तुझा बाप?"

"नाव नाही निघाली तर माझी कातडी सोल. तोवर तोंड मीट आणि फावडं धर!"

भावजी छातीपर्यंत चिखलात उतरले. तोंड वर, डोळे मिटलेले. सरकत सरकत पट्ट्याच्या मधोमध आले आणि थांबले. ते म्हणाले, "खाली ती आहे." एवढंच.

चाळीस माणसं दुपारपर्यंत खणत होती, पाणी उपसत होती. मग सगळे मिळून नाव डोलवायला लागले, उजवीकडे, डावीकडे. चिखलाने एक मोठा सुस्कारा टाकला आणि तेरा वर्षं पुरलेली ती काळी पाठ वर आली. पंधरा वाव, म्हणजे नव्वद फूट लांब. एक फळी कुजली नव्हती. सामभाऊने डोक्यावरची टोपी काढली. मी काठावरच हात जोडून उभी होते, आमच्यात बायका नावेला शिवत नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण तेव्हा हसू नाही आलं. एवढ्या सगळ्या माणसांत ती नाव कुणाला कळली, तर चिखलातल्या मुळांना आणि एका मुक्या म्हाताऱ्याला.

भावजींनी मामंजींना पाठीवर घेऊन नावेत बसवलं. समोर ढोल ठेवला. सामभाऊने दोन्ही हातांनी टिपरू पुढे केलं, मान खाली घालून. "काका, चुकलो."

मामंजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने ठेका धरला. दोंग. दोंग-दोंग.

गाव चिखलात उभं राहून रडत होतं. भावजी वर आले आणि माझ्याशेजारी पाय धुवायला लागले.

"वहिनी, तुम्ही का रडताय? आळ गेला की आता."

मी काय सांगणार? सात वर्षं मामंजी सांगत होते, आणि सातही वर्षं मी त्यांच्या हातातून तो कंद काढून घेतला होता.