मावशींच्या धुतलेल्या पिशव्या

कामतघरच्या आमच्या चाळीत शेजारच्या मावशी दुधाची एकही पिशवी फेकत नाहीत. ती आतून धुतात, उलटी करतात आणि दोरीला चिमट्यानं अडकवतात. कुणी हात लावला की ओरडतात, "ए, वाळू दे गं! कामाच्या हायत त्या."

यंदाच्या सुट्टीत मी डेन्मार्कच्या एका विद्यापीठात शाश्वत विकासाचा छोटा कोर्स करून आले. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपल्या गावातलं एक उदाहरण द्यायचं होतं. मी मावशींच्या दोरीचा फोटो दाखवला. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

घरी आले त्या सकाळी हेच सांगायला मी त्यांच्याकडे धावले. घरामागे त्या आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवत होत्या. त्यांनी दोरीवरची एक पिशवी काढली, काडी लावली आणि बंबात टाकली. मागोमाग दुसरी. काळ्या धुरानं मला ठसका लागला.

"मावशी! पिशव्या जाळता?"

"मग? लाकडं काय अशीच पेटतात? न्हाय धुतल्या तर माश्या बसतात, आन् वल्या पेटत न्हायत." त्या खोकल्या, पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. "उभी काय? जा, टॉवेल आन. तुझ्यासाठीच तापवतेय पाणी."