सभेत ओझित इंग्रजीत बोलली

बटाटे किसून झाले होते, पिळायचे राहिले होते. पिळलेला कीस रश्श्यात कालवून रापूर भाजायची होती, त्यासाठी पाच किलो बटाट्यांचा कीस फडक्यात बांधून ठेवलेला, खाली पातेलं, शेगडीवर कोंबडीचा रस्सा उकळत होता. हा कीस कुणासाठी थांबत नाही, बघता बघता काळा पडतो. तेवढ्यात मागचं दार ढकलून ओझित आत आली. (पुढच्या दाराने आमच्याकडे फक्त फादर येतात आणि शवपेटी जाते.) कोट न काढताच ती खुर्चीवर बसली.

"बेर्ना, काल मी असं का केलं ग?"

"मला काय विचारतेस? मीही तेच केलं."

खरंच तेच केलं. मे महिना माऊलीचा, म्हणून रोज पहाटे पूर्ण जपमाळ म्हणायची असं ठरवलंय. पण आज बोटं मण्यांवर आणि मन चर्चच्या हॉलमध्ये. कितवी 'नमो मरिया' चालली होती तेसुद्धा कळेना. म्हणून आज वहीत आधी ओझितबद्दल लिहिते. लिहिलं की कधीकधी उलगडतं. आज उलगडेल असं वाटत नाही.

ओझित मेलान्सां म्हटलं तर खाडीवर कुणाला कळायचं नाही, मेलान्सां पन्नास आहेत. आजोबा-बापाचं नाव लावून थेओफिलच्या सिमोंची ओझित म्हणायचं. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. आमची पुस्तकं सगळी इंग्रजी, ओरडाही इंग्रजीतून. शाळेबाहेर पडलं की आपली फ्रेंच बोली सुरू. नववीत तिने शाळा सोडली आणि मासे कापायच्या शेडमध्ये लागली. मग अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं केलं. आई गेली तेव्हा वृद्धाश्रमातल्या सिस्टर म्हणाल्या, तुझ्याइतकं हे काम कुणाला येतं? तेव्हापासून ती तिथेच आहे, बावीस वर्षं. म्हाताऱ्यांना हात लावायच्या आधी ती आपले तळवे काखेत धरून गरम करते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

तिथे झेली मावशी आहेत, चौऱ्याण्णव वर्षांच्या. बॉस्टनला इंग्रजांच्या (इंग्रजी बोलणारे सगळे आमच्यासाठी इंग्रजच) घरी तीस वर्षं स्वयंपाक केला त्यांनी, पण आता इंग्रजीचा एक शब्द त्यांच्यापाशी उरलेला नाही. हिवाळ्यात शहरातून आलेल्या नर्सने त्यांना इंग्रजीत विचारलं, कुठे दुखतंय का? मावशी गोड हसल्या. तीन दिवस नुसत्या हसत होत्या. ओझित सुट्टीवरून आली, आपल्या बोलीत विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, कंबर मोडलीय की काय माझी!" खुब्याचं हाड खरंच तडकलेलं निघालं.

आता नवा नियम आलाय. पुढच्या एप्रिलनंतर प्रमाणपत्र नसेल तर खाटेजवळ जायचं नाही, ओझितला कपडे धुवायच्या खोलीत पाठवतील. तो कोर्स शहरात आहे, इंग्रजीतून, गाडीने दोन तास. ती दोनदा जाऊन बसली आणि दोनदा नापास झाली. बोलते फडाफडा, पण कागदावरचं इंग्रजी तिला कोड्यासारखं वाटतं. आपल्या खाडीवरचं छोटं फ्रेंच कॉलेज तोच कोर्स सप्टेंबरपासून फ्रेंचमधून काढायला तयार आहे. मात्र गरज आहे हे वरच्या समितीला पटलं पाहिजे. ते बघायला समितीच्या मिसेस फ्रेझर काल आल्या होत्या. चर्चमधल्या मिस्सानंतर तिथल्याच हॉलमध्ये सभा होती.

ओझित आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून भाषणाचा सराव करत होती. मावशींचा खुबा, दोनदा नापास झाल्याचं, सगळं, आणि आपल्या बोलीत. माझा नवरा आल्फी तिला म्हणायचा, "ओझित, एवढं तर फादर पण बोलत नाहीत. झोळी फिरवू का?"

आणि मग काय झालं? पत्रावर फ्रेझर हे इंग्रजी वळणाचं नाव वाचून फादरनी दारातच इंग्रजीत स्वागत केलं. बाईंनी इंग्रजीत आभार मानले. झालं! खोलीत एक इंग्रज असला की आम्ही चाळीस जण इंग्रजीकडे वळतो. कुणाला सांगावं लागत नाही, चर्चमध्ये शिरताना डोक्यावरची टोपी आपोआप हातात येते तसं. चहा ओतताना मीसुद्धा दूध हवं का ते इंग्रजीत विचारलं, आणि उच्चार चांगला जमला म्हणून मनात खूश झाले. (हे कबुलीत सांगायचं की नाही, कळत नाही.)

ओझित उठली आणि सगळं इंग्रजीत बोलली. एकदाही अडखळली नाही. मावशींचं सांगितलं, वर एक विनोदही केला. नापास झाल्याचं तेवढं गाळलं. मिसेस फ्रेझर लिहिता लिहिता म्हणाल्या, "किती छान बोलता तुम्ही! मग इंग्रजी कोर्समध्ये तुम्हाला अडचण काय?"

"छे छे, अडचण काही नाही," ओझित म्हणाली आणि खाली बसली.



बाई निघाल्या तेव्हा दाराशी झेली मावशींची चाकाची खुर्ची आडवी होती. मावशींनी बाईंची बाही धरली. "तू कुणाची ग पोरी?"

मिसेस फ्रेझर खाली वाकल्या आणि स्वच्छ, रेडिओवरच्यासारख्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या, "मी क्वेबेकची, आजी, फ्रेंच घरातली. फ्रेझर माझे यजमान."



म्हणजे त्यांना येत होतं! मग बोलल्या का नाहीत? आल्फी म्हणतो, त्यांना वाटलं असेल आपल्याला इंग्रजीच बरं पडतं. असेल. पण फ्रेंच कोर्सची गरज बघायला आलेल्या बाईने एकदा तरी विचारून बघू नये? आणि आम्ही तरी? माझं डोकं तिथेच फिरतंय.

आज ओझितही तेच घेऊन बसली होती. "बेर्ना, खोटं बोलले का मी?"

"इंग्रजी येतं हे खोटं नाही. अडचण नाही हे खोटं."

"मग चाळीस माणसांत सांगू, की मी दोनदा नापास झाले?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत असणं निराळं. आपण उठून सांगणं निराळं."

मी म्हटलं, बाई आज चारपर्यंत कॉलेजात आहेत, पत्र लिही. ती हसली. "कुठल्या भाषेत? इंग्रजी लिहिता आलं असतं तर पासच झाले असते. आणि आपलं फ्रेंच त्या बाईसमोर? अर्धे शब्द पणजोबांचे, अर्धे मासेमारीच्या बोटीवरचे. ती म्हणेल, हिला फ्रेंच पण येत नाही. तू लिहितेस ना रोज वहीत? तू लिही."

"मी जशी बोलते तशी लिहिते. ती वही देवाशिवाय कोण वाचतं?"

"मग त्यालाच धाड की पत्र," म्हणाली आणि रडायला लागली.

 तिलाच काय वाटलं कोण जाणे, कोट काढून खुर्चीवर फेकला, किसाचं गाठोडं उचललं आणि पिळायला लागली. तिच्या हातात जोर आहे. पातेल्यात पाणी गळायला लागलं आणि ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. मावशींचा खुबा, तीन दिवसांचं हसणं. शहरातली परीक्षा, कागदावरचं इंग्रजी, दोनदा नापास. एप्रिलनंतर त्या म्हातारीच्या खाटेपाशी कोण बसेल. आठ दिवसांच्या सरावात नव्हतं इतकं. मी वहीतलं मधलं पान काढून ती म्हणेल तसं लिहीत गेले. बोटीवरचे शब्दही तसेच ठेवले.

वाचून दाखवलं.

"हे असंच द्यायचं?"

"असंच."

"चुका किती आहेत?"

"मला कळल्या असत्या तर केल्या असत्या का?"

तिने हात धुतले, पुसले आणि सवयीने काखेत धरले. मग आम्ही आपल्या बोलीत एक 'नमो मरिया' म्हटली. ती आम्हा दोघींना दुसऱ्या भाषेत येतच नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. बरोबर केलं की चूक, माऊलीच जाणे. त्या कागदाने आमचीच बाजू लंगडी पडेल अशी धाकधूक अजून आहे. आणि कीस तर काळा पडलाच. आल्फीला आज करड्या रंगाची रापूर खावी लागणार.

दारातून ती वळली. "हातात देऊ का वाचून दाखवू?"

"तिथे गेल्यावर बघ."

अडीच वाजलेत. ओझित कॉलेजात निघाली आहे, मिसेस फ्रेझरना तो कागद द्यायला आणि 'अडचण काही नाही' म्हटलं होतं ते मागे घ्यायला.