काठोकाठ भरलेली टाकी

नवऱ्याला मी तोंडावर अहो म्हणते आणि कागदावर अरे. शिफ्टच्या रजिस्टरपलीकडे तो काही वाचत नाही, म्हणून हे धाडस. वाचत असता तर खाली माझी एक कबुली आहे, ती त्याच्या हाती लेखी लागली असती.

आम्ही दोघांनी शिडाच्या बोटीतून हिंदी महासागर ओलांडला, कोचीहून निघालो आणि एकवीस दिवसांनी सेशेल्सला लागलो, असं सांगितलं की रावेतच्या आमच्या सोसायटीतले लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात, मग नवऱ्याच्या पोटाकडे. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पण का? यावर नवरा वाऱ्याबद्दल आणि मोकळेपणाबद्दल बोलतो. ते सगळं त्यानं मोबाइलवरच्या व्हिडिओत ऐकलेलं आहे. माझं कारण साधं होतं. मला नवऱ्याबरोबर एका वेळी जागं राहायचं होतं. समोरासमोर बसून, घाई न करता जेवायचं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात ते जमलं नव्हतं.

जमणार कसं? मी चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, कायम फर्स्ट शिफ्ट. साडेचारला उठायचं, पावणेसहाला कंपनीची बस. तो भोसरीला मेंटेनन्स फिटर. सेकंड शिफ्टला माणूस मिळत नाही, म्हणून तो कायम सेकंड. मी घरी यायचे तेव्हा तो गेलेला असायचा, तो मध्यरात्री यायचा तेव्हा मी झोपलेली. ओट्यावर एक वही असायची, तिच्यात आमचा संसार चालायचा. दूध तापवलं आहे. लेकीच्या वहीवर सही कर. गॅस संपत आला. रविवारी दोघं घरी असायचो, पण त्यातला एक जण हमखास पेंगत असायचा.

आणि एकमेकांची झोप आम्ही इतकी जपायचो की शेजारची बाई एकदा हळूच विचारून गेली, घरात आजारी कोण आहे? सकाळी मी कुकर लावायचे नाही, शिट्टी होते म्हणून. डाळ उघड्या पातेल्यात शिजायची आणि मी तिच्याकडे बघत उभी राहायचे. तो रात्री जिन्याखालीच बूट काढायचा आणि हातात घेऊन वर यायचा. दाराची घंटा त्यानं स्वतः वायर कापून बंद केली होती. झोपायचा बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराची कडी वाजते म्हणून. त्या कडीला तेल घालायला फिटर माणसाला सव्वीस वर्षांत वेळ झाला नाही, याचा मला राग यायचा. पण राग सांगायला तो जागा पाहिजे ना.

दोघांनी वर्षभराच्या अंतरानं व्हीआरएस घेतली, तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसलं काय. नोकरी सुटली, शिफ्ट सुटली नाही. मी साडेचारला टक्क जागी आणि तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बोटींचे व्हिडिओ बघत. त्यात कुठलंसं जोडपं बोटीवर राहायचं, बोटीवर भाकऱ्या नाही पण ब्रेड भाजायचं आणि दिवसभर एकमेकांशी बोलायचं. मला बोटीचं काही पडलं नव्हतं, पण ते दिवसभर बोलणं मी त्याच्या खांद्यावरून दोनदा बघितलं. आधी पवना धरणावर एक जण शनिवार-रविवारी शिडाची बोट चालवायला शिकवायचा, तिथं गेलो. मग गोव्याला दोन हंगाम शिकलो. शेवटी कोचीला एका म्हाताऱ्या परदेशी माणसानं गुडघे गेले म्हणून बोट विकायला काढली, ती घेतली. आमची लेक मारुंजीला भाड्यानं राहते आणि अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करते. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं आधी एकाच वेळी फ्लॅटमध्ये राहून बघा ना." मी म्हटलं, फ्लॅटला दोन खोल्या जास्त आहेत. तेहतीस फुटांच्या बोटीत चुकामूक कुठून होणार.

बोट पाण्यात जायच्या आधी नवऱ्यानं तिचा कारखाना केला. प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती पिवळी पट्टी, प्रत्येक डब्याला लेबल. माझ्या चपलांनाही पट्टी. मीही कमी नव्हते, तिखटाच्या डब्यावर शेवटची तारीख मीच लिहिली होती. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं जाडजूड रजिस्टर काढलं, पट्टी घेऊन रकाने आखले: वेळ, दिशा, वारा, बॅटरी, पाणी, शेरा, सही.

"आता शिफ्ट लावून घेऊ," तो म्हणाला. "सहा-सहा तासांची. एकानं जागं राहायचं, एकानं झोपायचं. समुद्रात जहाजं येत्यात, नजर ठेवावी लागती."

"म्हणजे तुम्ही झोपणार तेव्हा मी जागी?"

"व्हय. आन् तू झोपशील तवा मी."

हे मला त्या व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. धरणात असलं काही नसतं, संध्याकाळी घरी येता येतं. एक माणूस एका वेळी जागा, यासाठी मी महासागरात निघाले होते. आता माघार घेतली असती तर लेक आयुष्यभर हसली असती. मी सकाळी सहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते बारा घेतलं, उरलेलं त्याला दिलं आणि पहिल्या पानावर सही केली.

पहिले अकरा दिवस तसे बरे गेले. वारा एका बाजूनं होता, सुकाणू धरणारं यंत्र नेकीनं काम करत होतं, बोट एका कुशीवर कललेली आणि तशीच चाललेली. कलल्यामुळे झोपण्यासारखा बाक एकच राहिला होता, खालच्या बाजूचा. त्यावर आळीपाळीनं झोपायचं. मी उठले की त्याच गादीवर तो. चार्ज देताना, म्हणजे शिफ्ट दुसऱ्याच्या हाती सोपवताना, दोन मिनिटं बोलणं व्हायचं: वारा कमी झालाय, डाव्या हाताला एक जहाज गेलं, उपमा झाकून ठेवलाय. जेवण वेगवेगळं. मी एकटी बसून खिचडी खायची आणि खालून त्याचं घोरणं ऐकायची. तो इतका घोरतो हे मला बोटीवर कळलं. खोटं कशाला बोलू, चारी बाजूंनी पाणी असताना तो आवाज बरा वाटायचा.

बाराव्या दिवशी वारा पडला. विषुववृत्ताजवळ असा पडतोच, त्याचं काही नाही. सकाळी अकराच्या सुमाराला मी चहा टाकायला खाली गेले आणि पायानं दाबायचा पंप दाबला. नळातून गुळगुळ आवाज आला आणि मग हवा. पुन्हा दाबला, पुन्हा हवा.

मी रजिस्टर उघडलं. पाण्याच्या रकान्यात कोचीच्या धक्क्यावरची पहिली नोंद नवऱ्याच्या अक्षरात होती: टाकी काठोकाठ. तिच्या खाली वरीलप्रमाणे. त्याच्या खाली वरीलप्रमाणे. एक ओळ त्याची, एक माझी, अशी चार पानं. अकरा दिवस दोन माणसं पाणी पीत होती, भात शिजवत होती, आणि दीडशे लिटरची टाकी काठोकाठ होती. कागदावर एवढं पाणी आहे म्हटल्यावर मी दोनदा केसही धुतले होते. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रजिस्टरमधले असले वरीलप्रमाणे पकडून लोकांना मेमो दिले आहेत. आणि आता ती कबुली: पहिला वरीलप्रमाणे माझ्या अक्षरात होता.

टाकी मोजायला एक खुणा केलेली काठी होती आणि ती आत घालायचं झाकण त्या बाकाच्या फळीखाली होतं. म्हणजे मोजायचं तर गादी उचलायची, आणि नोंद चार्ज देण्याआधी करायची, तेव्हा गादीवर दुसरा माणूस झोपलेला. पहिल्या दिवशी मी काठी हातात घेऊन उभी राहिले होते. तो तोंड उघडं टाकून झोपला होता. एवढ्यात किती पाणी संपणार, असं म्हणून मी काठी पिवळ्या पट्टीत परत ठेवली होती.

आताही तो तसाच झोपला होता, रिकाम्या टाकीवर. आमच्याजवळ वीस-वीस लिटरचे दोन कॅन शिल्लक होते आणि जमीन वारा आला तर नऊ-दहा दिवसांवर होती. वारा आला तर. कुठल्याही शहाण्या बाईनं नवऱ्याला गदागदा हलवलं असतं. मी घड्याळ बघितलं. त्याची शिफ्ट बाराला सुरू होणार होती. मी वर जाऊन बसले आणि तासभर वाट बघितली.

बाराला तो डोळे चोळत वर आला. मी रजिस्टर त्याच्या मांडीवर ठेवलं, पहिल्या पानावरची दुसरी ओळ अंगठ्याखाली दाबून धरून.

"टाकी संपली," मी म्हटलं. "कधी मोजली होती तुम्ही?"

त्यानं पानं उलटली. मग माझा अंगठा अलगद उचलून बाजूला केला. माझं अक्षर त्याच्याइतकं कोणी ओळखत नाही, सव्वीस वर्षं त्याच अक्षरात त्याचा संसार झाला आहे.

"तू कधी मोजलीस?"

"तुम्ही झोपला होता."

"मग तूबी झोपली व्हतीस की."

"मग उठवायचं मला."

"तू उठवलंस का?"

मग मी भांडायला सुरुवात केली. लग्नानंतरचं ते आमचं पहिलं धड भांडण. आधीची सगळी वहीत झाली होती आणि वहीत आवाज चढवता येत नाही. कुकरच्या शिट्टीपासून दाराच्या कडीपर्यंत मी सगळं बाहेर काढलं. त्यानंही काढलं. मी त्याला दर रविवारी झोपू द्यायचे, तेव्हा तो डोळे मिटून, मी कधी हाक मारतेय याची वाट बघत पडलेला असायचा म्हणे. मी म्हटलं, मग डोळे उघडायचे. तो म्हणाला, तुला निवांत बसायला मिळायचं, म्हणून न्हाई उघडले. अशा माणसाबरोबर भांडण जिंकता येत नाही. दोन वाजता घसा कोरडा पडला, तेव्हा आठवलं की पाणी नाही, आणि भांडण तिथंच थांबवलं.

मग हिशेबाला बसलो. माणशी दिवसाला दोन लिटर, त्यातच चहा. भात निम्मं समुद्राचं पाणी घालून, म्हणजे मीठ वाचलं. आणि मी एक नवा नियम घातला: दर शिफ्टला, चार्ज देण्याआधी, झोपलेल्याला उठवायचं, गादी उचलायची आणि दोघांनी मिळून टाकी मोजायची.

"रिकामी टाकी काय मोजायची?" तो म्हणाला.

"रजिस्टरला रकाना आहे. परत वरीलप्रमाणे नको."

तर आम्ही मोजू लागलो. दिवसातून चार वेळा. तो गादी धरायचा, मी काठी घालायचे, कोरडी काठी बाहेर काढून दोघं नीट बघायचो आणि मी लिहायचे: शून्य. तो वाचून सही करायचा. आधी या कामाला पाच मिनिटं लागायची. मग उठलोच आहोत तर एक कप चहा दोघांत घेऊ लागलो. मग त्या खारट भाताचं ताटही एकच झालं. वारा चौदाव्या दिवशी परत आला. पोहोचलो हे उघडच आहे, नाहीतर हे कोण लिहितंय.

एकोणिसाव्या दिवशी बाराला माझी शिफ्ट संपली. शून्य लिहून झालं, वर येऊन भात खाल्ला. आता मी झोपायला जायचं होतं. ताट समुद्रात विसळता विसळता तो म्हणाला, "मला जनरल शिफ्ट देत व्हते. दोनदा."

"कोण?"

"कंपनी. नऊ ते साडेपाच. एकदा लेक चौथीत व्हती तवा, एकदा दहावीत. मी न्हाई म्हणलो."

सव्वीस वर्षं मी ज्यासाठी झुरले ते त्याच्या समोर दोनदा आलं होतं आणि त्यानं परत पाठवलं होतं. मी विचारलं, का.

"मी घोरतो," तो म्हणाला. "जनरल घेतली असती तर बाहेरच्या खोलीत झोपायला काय कारण सांगितलं असतं? तुला साडेचारला उठायचं असायचं."

मला रडू आलं आणि त्याच्या डोक्यात ते ताट घालावंसंही वाटलं. दोन्ही एकदम. मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. पण झोपायलाही गेले नाही. तिथंच, त्याच्या शेजारी, तोंड फिरवून बसून राहिले. तासाभरानं त्यानं विचारलं, "झोपत न्हाईस व्हय?" ऊन उतरू लागलं. शीड नीट भरलेलं होतं, आडवं यायला एक जहाज नव्हतं, आणि थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर त्याचं डोकं टेकलं. ऐन ड्यूटीवर, बसल्या बसल्या, साहेब घोरायला लागले.

मी दहाएक वेळा घोरू दिलं. मग कोपरानं चांगलं ढोसून त्याला उठवलं.