चांगला कापूस फेकणारी

माझी बोटं आज मिटतात आणि उघडतात, ती धुरपताबाई राठोडांमुळे. औषध डॉक्टरीणबाईंचं, पण ते पोटात गेलं ते धुरपताबाईंमुळे. पांढरकवड्याजवळच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही सगळ्या तिला याडी म्हणायचो. तिच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणजे आई. मग आईला अहोजाहो कसलं!

याडी कचरा वेचणाऱ्या बायांची मुकादम. कापसातून सुतळी, केस, पुड्या, कोंबडीची पिसं काढायची, हे आमचं काम. नव्या बाईपुढं ती एक ढीग टाकायची आणि तंबाखू मळत गंमत बघायची. सुतळी सुटली की ती बाई घरी. पण चांगला कापूस फेकणारी तिच्याही आधी घरी. "आंधळी परवडली वो, हे तं घरचंच फेकून राह्यली!"

मी सातवीत शाळा सोडलेली, गोंदियाकडून एकटी आलेली. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस नासवला होता. गाड्या कमी येत होत्या, बायाही कमी करत होते. त्यातच रोज सकाळी माझी बोटं सुजून ताठ व्हायला लागली. काम गेलं तर जायचं कुठं, म्हणून मी हात पदराखाली लपवायची. तिसऱ्या दिवशी याडीनं पकडलं. "काहून वो, मुठीत लाडू आणले का?" आणि मला एसटीत घालून यवतमाळला नेलं.

तपासण्या पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच सांध्यांवर उलटली आहे."

मी हात पुन्हा पदराखाली घेतले. याडीनं मात्र पदर खोचला. "म्हंजे चांगला कापूस फेकून राह्यली?" आणि ढिगाची सगळी गोष्ट त्यांना ऐकवली.

डॉक्टरीणबाई हसायलाच लागल्या. "अहो, शरीरातही अशीच परीक्षा असते! छातीच्या हाडामागं एक ग्रंथी आहे. तिथं काही पेशी आपलं आणि परकं ओळखायला शिकतात. जिला काहीच ओळखता येत नाही ती बाद, आणि जी आपल्यावरच धावते तीही बाद. पण एखादी नजर चुकवून सुटते."

"मुकादम झोपली असन," याडी म्हणाली.

गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या होत्या. दोन आठवडे घेतल्या. मग शेजारच्या खोलीतली म्हणाली, या गोळ्यांनी ताकद कमी होते. मी घाबरून त्या बंद केल्या आणि ताकदीचं टॉनिक आणलं. याडीला बाटली दिसली.

"हे कायले?"

"ताकद वाढली की बरं वाटेल ना, याडी?"

"अवं येडे! जे बाई चांगला कापूस फेकून राह्यली, तिले दूध पाजून अजून जोरात फेकाले लावतं काय? तिचा हात धरा लागते!"

तिनं मला पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं. हात धरणाऱ्या गोळ्या परत सुरू झाल्या. रक्त तपासत राहायचं, ताप आला तर लगेच यायचं, हेही त्यांनी बजावलं. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी याडी समोर बसून गोळी गिळायला लावायची, वर "तोंड उघड" म्हणायची, जशी काही मी तिची शेळी. दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी माझी वेणी माझ्या हातांनी घातली. याडीनं ती ओढून पाहिली. "ढिली हाय," म्हणाली, आणि सगळ्या बायांना चहा पाजला.

आता ती महागावकडच्या तिच्या तांड्यावर असते, स्वतःचं वावर बघते. मी अजून तिच्यासाठी काहीच केलेलं नाही, हे मनाला लागून आहे. पण एखाद्या वर्षी, वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन तिची पहिली वेचणी निघेल, तेव्हा मी तिथं असेन. याडीला बांधावर बसवीन आणि तिची पहिली ओळ या दहा बोटांनी वेचून देईन.