सुईच्या व्हॉल्व्हचा पंप

मार्चमध्ये दादा गेले आणि शलाका आगाशेला घरात बसवेनासं झालं. त्याआधी चौदा महिने तिने दादांना, आपल्या वडिलांना, अंथरुणावर सांभाळलं होतं. झाशीच्या रेल्वे पार्सल ऑफिसातून सुटली की थेट घर, आणि घरातून थेट ऑफिस. आता वेळच वेळ होता आणि तो तिला सोसत नव्हता. रविवारी ती एकच कपाट तीनदा आवरायची, वाळत घातलेले कपडे ओले असतानाच चाचपून यायची. आई, दुर्गाबाई, खुर्चीत बसून बघत राहायची. दादांच्या दिवसकार्यानंतर आईने उंबरठा ओलांडला नव्हता, अगदी मैत्रीण इंदिराकडेही ती गेली नव्हती.

पुण्याच्या भावाने, परागने, आपली जुनी गिअरची सायकल रेल्वेने पाठवली. शलाका शेहेचाळीस वर्षांची. पहिल्या रविवारी किल्ल्याभोवती एक चक्कर, मग बबीन्याचा रस्ता, मग कानपूर रोड. दर वेळी थोडं पुढे. आता तिला त्याच रस्त्यावरचं, तीस किलोमीटरवरचं चिरगाव गाठायचं होतं.

"त्या चिरगावात आहे तरी काय?" आईने विचारलं.

"काही नाही. पण तिथवर जायचंय."

दसऱ्यानंतरच्या रविवारी बडागावजवळ चाकात बाभळीचा काटा घुसला. पंक्चरवाल्याने ट्यूब जोडून दिली, पण हवा भरायला गेला आणि थांबला. सायकलचा व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या टोकाएवढा बारीक होता. "दीदी, ये तो सुई है," तो म्हणाला, "हमारा पाइप इस पर बैठेगा ही नहीं." सायकल एका लोडरच्या, म्हणजे छोट्या मालटेम्पोच्या, मागे टाकून ती घरी आली. वाटभर ती उभीच होती.

पुढचे आठ दिवस तिच्या डोक्यात पंपाशिवाय काही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा राहायचा आणि ती फोनवर व्हिडिओ बघत बसायची. ऑफिसातला मकरंद म्हणाला, बॅटरीवाला घ्या, बटण दाबलं की झालं. पण चार्ज संपला तर? पराग म्हणाला, नळीवाला घे, पायाखाली दाबून धरायचा. तो हातभर लांब. सिपरी बाजारातल्या दुकानदाराने तळहातावर मावणारा एक काढला. पिशवीत पडला तरी कळणार नाही इतका हलका. तिने तो परत केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघितला आणि तिसऱ्या दिवशी घेतला. काही उचलून न्यावं असं तिला आता वाटतच नव्हतं.

आईने तो हातात घेऊन फिरवला. "ह्याला नळी नाही. दाबताना हात हलला की सगळा जोर व्हॉल्व्हवर येईल. मोडेल तो."

"तुला काय माहीत?"

"ह्यांच्या सायकलीत एकवीस वर्षं मीच हवा भरत होते. ते चहा पीत असायचे." आईने पंप टेबलावर ठेवला. शलाकाने तो उचलून पिशवीत टाकला.

रविवारी बडागाव ओलांडल्यावर मागचं चाक मऊ लागलं. तिने कडेला थांबून पंप लावला. शेजारून ट्रक सुसाट जात होते, त्यांच्या वाऱ्याने सायकल डुलत होती. पन्नास दाब झाले, शंभर झाले, चाक अजून अर्धंच. तिने घाई केली. एक हिसका बसला आणि व्हॉल्व्हचं टोक तुटून मातीत पडलं. भरलेली सगळी हवा सुस्कारत निघून गेली.

ती दहा मिनिटं रस्त्याच्या कडेने पुढेमागे चालत राहिली. मग घरी फोन केला. "आई, शेजारच्या कोणाला तरी गाडी घेऊन पाठव."

"तू सावलीत थांब," एवढंच आई म्हणाली.

तासाभराने एक ऑटो आली. आत आई बसली होती. घरातल्याच साडीवर, केस तसेच बांधलेले, पायात शलाकाच्या चपला. ऑटोवाल्याने सायकल मागे बांधली. शलाका आईकडे बघतच राहिली.

"तू कशाला आलीस?"

"मग काय करू? तू रविवारी दार ओढून घेतेस, त्यानंतर मी घड्याळाकडे बघत बसते. आज निदान काम मिळालं." ऑटो निघाल्यावर आई म्हणाली, "तुलाच घर खायला उठतं असं समजू नकोस, शलू."

शलाकाने तिचा हात धरला. झाशी येईपर्यंत तो सोडला नाही.

सोमवारी संध्याकाळी आई स्वतःहून शलाकाबरोबर सिपरी बाजारातल्या दुकानात आली. तिने नळीवाला पंप मागितला, दुकानातल्याच एका चाकाला लावायला सांगितला, पाय घट्ट रोवून वीस दाब मारले. दम लागला तशी थांबली, मग आणखी दहा मारले. दुकानदार म्हणाला, "माताजी, रहने दीजिए." आईने चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. "हाच घे. जड आहे, पण हात हलला तरी दगा देणार नाही."

परागने पाठवलेली नवी ट्यूब घालून पुढच्या रविवारी शलाका निघाली. पारीछ्याच्या अलीकडे पुढच्या चाकात पुन्हा काटा. तिने चाक काढलं, ठिगळ लावलं, पंप पायाखाली धरला. दंड थरथरायला लागले, पण चाक कडक झालं. ती चिरगावला पोचली, बसस्टँडवर उभ्याउभ्या चहा प्याली आणि लगेच परत फिरली.

घराला कुलूप होतं.

तिने फोन लावला, तो आतच वाजत होता. ती पायरीवर बसली, उठली, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. शेजाऱ्यांना विचारलं. पाऊण तासात तिने काय काय मनात आणलं, ते पुढे कोणाला सांगितलं नाही.

आई चालत आली, घामाघूम झालेली.

"कुठे होतीस?"

"इंदिराकडे. येताना ऑटो मिळेना, मग आले चालत." आईने कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "तू जेवलीस का?"

"नाही."

"मीही नाही. उघड दार."